अर्ध्यावर थांबलेलं अपडेट

नवा कॉम्प्युटर घरात येऊन अकरा दिवस झाले होते, तेव्हा मी तो माझ्याच हातानं बंद पाडला.

आम्ही मानवतला राहतो. नवरा जिनिंगमध्ये सुपरवायझर आहे. कापसाचा सीझन सुरू झाला की तो सकाळी सातला जातो आणि घरी फक्त जेवायला आणि झोपायला येतो. सासूबाई तेव्हा नणंदेच्या बाळंतपणासाठी जिंतूरला गेल्या होत्या. त्यामुळे दिवसभर घरात मी आणि सासरे, दोघंच. त्यांना मी मामा म्हणते. एसटीत मेकॅनिक म्हणून त्यांची सगळी नोकरी झाली. लग्नाला तीन वर्षं होत आली होती, पण आमच्यात बोलणं असं नव्हतंच. "मामा, चहा ठेवू का?" "ठेव." "मामा, ताट वाढलंय." "आलो." एवढ्यावर दिवस जायचा. राग नव्हता, रुसवा नव्हता. विषयच नव्हता.

मला पुण्यातल्या एका कंपनीचं काम मिळायच्या बेतात होतं. ऐकू न येणाऱ्या लोकांसाठी व्हिडिओच्या खाली मराठीत मजकूर द्यायचा. माणूस बोलला तर ते लिहायचं, पण दार वाजलं, कुकरची शिट्टी झाली, कुणी हुंदका दिला, तर तेही लिहायचं. शिक्षण झाल्यावर मी दोन-तीन कामं केली होती, पण असं जीव लावून करावंसं वाटलेलं हे पहिलंच. परीक्षा म्हणून त्यांनी शेळीपालनाचा चाळीस मिनिटांचा व्हिडिओ दिला होता. सोमवारी दुपारी बाराच्या आत पाठवायचा होता.

अडचण अशी की कॉम्प्युटर मध्येच गोठायचा. आवाज एका अक्षरावर अडकून घरघरत राहायचा, मग सगळं बंद करून पुन्हा चालू करायचं. बारा मिनिटांच्या मजकुराला मला तीन दिवस लागले. इंटरनेटवर शोधल्यावर कळलं, या मदरबोर्डची ही तक्रार बऱ्याच जणांची आहे आणि बायोस अपडेट केलं की ती जाते. बायोस म्हणजे बोर्डातच बसवलेला छोटा प्रोग्रॅम. बटण दाबलं की सगळ्यात आधी तो जागा होतो आणि बाकीच्यांना उठवतो. अपडेट चालू असताना वीज जाता कामा नये, असं जागोजागी लिहिलेलं होतं. मी म्हटलं, आपल्याकडे यूपीएस आहे.

शुक्रवारी सकाळी अकराच्या सुमारास मी बोर्डाच्या कंपनीच्या सॉफ्टवेअरला अपडेटसाठी 'हो' म्हटलं. त्यानं स्वतःच फाईल शोधली, उतरवली आणि काम सुरू केलं. पट्टी हळूहळू भरत होती. निम्मी भरली आणि लाईट गेली.

पंखा थांबला. यूपीएसची पी-पी सुरू झाली. मॉनिटर तसाच चालू होता, म्हणून मला क्षणभर हायसं वाटलं. पण त्यावर सिग्नल नसल्याचा निरोप होता आणि टेबलाखालचा सीपीयू गपगार होता. मी खाली वाकून पाहिलं. यूपीएसच्या मागे चार सॉकेट होते. दोनच बॅटरीवर चालणारे, आणि तसं तिथं बारीक अक्षरात लिहिलेलंही होतं. मी मॉनिटर बॅटरीवर लावला होता आणि सीपीयू नुसत्या विजेवर. दुसऱ्या कुणाला बोल लावायची सोय नव्हती.

लाईट आली. बटण दाबलं तर आतले पंखे फिरले, जाळीतून बोर्डावर एक लाल ठिपका पेटलेला दिसला आणि पडदा काळाच राहिला. दहा वेळा बंद-चालू केलं. दहाही वेळा तेच.

ज्यांच्याकडून घेतला त्या परभणीच्या दुकानात फोन केला. "ताई, बोर्ड कंपनीला पाठवावा लागेल. महिना धरून चाला." नवऱ्याला फोन केला. मागे मशीनचा आवाज होता, तो ओरडूनच बोलत होता. "त्यांना सांग ना, आठ दिवस वाढवून द्या म्हणावं."

"परीक्षेतच मुदत मागू?"

"मग काय करणार हाईस?"

"बघते," मी म्हटलं. मुदत मागायची नाही एवढं तेव्हाच ठरलं होतं.

दुपारी मी सीपीयूचं बाजूचं पत्र्याचं झाकण काढलं. बोर्डावरचा बटणासारखा सेल काढून दहा मिनिटांनी परत बसवला. रॅमची एक पट्टी काढली, मग ती लावून दुसरी काढली. काही फरक नाही. मामा दारात येऊन उभे राहिले. बराच वेळ बघत होते.

"काय झालं गं?"

"बंद पडलाय, मामा."

"हं," म्हणाले आणि गेले.

संध्याकाळी बोर्डाबरोबर आलेलं पुस्तक पहिल्यांदा नीट वाचलं. त्यात एक पान माझ्यासाठीच लिहिल्यासारखं होतं. बायोस मेलं तरी बोर्डाच्या मागच्या बाजूला एक लहान बटण असतं. नवी फाईल पेनड्राइव्हवर घ्यायची, तिला पुस्तकात दिलेलं नेमकं नाव द्यायचं, पांढरी चौकट असलेल्या यूएसबीत पेनड्राइव्ह लावायचा आणि ते बटण तीन सेकंद दाबायचं. शेजारचा दिवा लुकलुकत राहिला तर फाईल आत जात आहे. स्थिर पेटून राहिला तर नाही.

फाईल मी मोबाईलवर उतरवली आणि ओटीजी केबलनं पेनड्राइव्हवर टाकली. बटण दाबलं. दिवा पाच-सहा वेळा लुकलुकला आणि स्थिर झाला.

शनिवारी सकाळी पेनड्राइव्ह घेऊन बाजारातल्या फोटो स्टुडिओत गेले, कारण तो जुन्या पद्धतीनं फॉरमॅट करायचा होता आणि ते मोबाईलवर होत नव्हतं. स्टुडिओवाले दादा लग्नाचे अल्बम लावत होते. त्यांनी फॉरमॅट करून दिला आणि सगळी हकीकत ऐकून मान हलवली. "ताई, अर्ध्यात गेलेला बोर्ड उठत नसतो. डबा झाला समजा."

"पुस्तकात उठतो म्हणून लिहिलंय."

"पुस्तकात लय काय काय लिहितात."

घरी येऊन परत केलं. दिवा लुकलुकला, स्थिर झाला. दुसरा पेनड्राइव्ह घेतला. तेच. मी फरशीवर बसले होते, भोवती स्क्रू पसरलेले, आणि डोळ्यांत पाणी यायला लागलं होतं. तेवढ्यात मामा आत आले. खुर्ची ओढली आणि समोर बसले.

"कुठवर आलीस?"

मला वाटलं, सहज विचारायलेत. मी म्हटलं, "होईना झालंय."

"तसं न्हाई. काय काय करून झालं ते सांग. एकेक."

मी सांगायला लागले तर त्यांनी हात वर केला. "कागद घे. लिव." मी वही आणली. सेल काढला, रॅम बदलली, पेनड्राइव्ह फॉरमॅट केला, पेनड्राइव्ह बदलला. लिहिलं की नीट दिसतं. बदलायचं राहिलेलं एकच होतं: फाईल.

"ही फाईल म्हणजी काय? पार्टच की न्हाई एक?"

"हो, तसंच."

"मग ह्याच बोर्डाची हाय कशावरून?"

"खोक्यावर नाव आहे ना, मामा. त्याच नावाची घेतली."

मामा पहिल्यांदाच हसल्यासारखे झाले. "खोक्यावरचं आमी कधीच धरलं न्हाई. खोकं एकाचं, माल दुसऱ्याचा, असं लय बघितलंय. गाडीला बसवायच्या आधी लोखंडावरचा नंबर वाचायचा. ह्याच्यावर नंबर आसंल की."

मला तेव्हा शुक्रवारची गोष्ट लक्षात आली. पहिल्यांदा फाईल सॉफ्टवेअरनं स्वतः बोर्डाला विचारून आणली होती. दुसऱ्यांदा वेबसाईटवरून निवडली ती मी, खोक्यावरचं नाव बघून.

रविवारी सकाळी उजेड बघून आम्ही सीपीयू पुढच्या दारात, उन्हात आणला. मामांनी पेपर वाचायचं भिंग आणलं. मी वायरींचा गठ्ठा बाजूला धरला आणि ते आडवे होऊन बघायला लागले. गुडघा दुखतो म्हणून हे गृहस्थ एरवी देवळात खाली बसत नाहीत.

"हितं काय तरी बारीक लिवलंय. आर, ई, व्ही. म्होरं एक पॉइंट दोन."

रेव्ह म्हणजे बोर्डाची आवृत्ती. मोबाईलवर वेबसाईट उघडली. एकाच नावाचे दोन बोर्ड होते. एक साधा, आणि एक त्याच नावापुढे एक पॉइंट दोन लिहिलेला. मी तीन वेळा साध्याची फाईल घातली होती.

नवीन फाईल उतरवली, नाव बदललं, सीपीयू परत टेबलाशी नेऊन वायरी जोडल्या आणि पेनड्राइव्ह लावला. मी बटणाकडं हात नेला तर मामा म्हणाले, "थांब. वीज कुठून घेतलीस?"

"आता बरोबर लावलंय, मामा. बॅटरीच्या सॉकेटला."

"लावलंय म्हणतीस. बघितलंय का?"

त्यांनी टेबललॅम्प आणून त्या सॉकेटात लावला आणि भिंतीतला प्लग उपसला. यूपीएस ओरडला, लॅम्प चालूच राहिला. मग भिंतीतला प्लग परत लावला, चिकटपट्टीचा तुकडा फाडून त्यांनी सॉकेटजवळ चिकटवला, पेननं त्यावर फुली मारली आणि लॅम्पच्या जागी सीपीयूची वायर लावली. "हां. आता दाब."

एक, दोन, तीन. बटणाशेजारचा दिवा लुकलुकायला लागला. पाच वेळा, सहा वेळा, सात वेळा. मी मोजायचं सोडून दिलं. मामा हाताची घडी घालून उभे. सहा-सात मिनिटं गेली असतील. मग दिवा विझला. विझणं म्हणजे झालं, असं पुस्तकात होतं.

बटण दाबलं. पंखे फिरले. लाल ठिपका पेटला, पिवळा झाला, गेला. पडदा काळा होता. बोर्ड पहिल्यांदा रॅम ओळखायला वेळ घेतो हे वाचलं होतं, म्हणून मी हात मागे बांधून उभी राहिले. जवळपास दीड मिनिटानं कंपनीचं चिन्ह उजळलं.

"आला!" मी एवढ्या मोठ्यानं ओरडले की शेजारच्या काकूंनी भिंतीपलीकडून विचारलं, "कोण आलं गं?"

मामांनी पडद्याकडं नीट बघून घेतलं, भिंग खिशात टाकलं आणि म्हणाले, "चहा ठेव आता."

बारा मिनिटांचं केलेलं काम हार्डडिस्कवर सुखरूप होतं. अठ्ठावीस मिनिटं उरली होती आणि हातात एक दिवस. कॉम्प्युटर एकदाही गोठला नाही. संध्याकाळी एका जागी मी अडकले. व्हिडिओतला शेतकरी भरभर बोलत होता, मागे शेळ्या ओरडत होत्या, आणि एक शब्द काही केल्या लागेना. मी परभणी शहरात वाढलेली. आठ-दहा वेळा ऐकलं. शेवटी मामांना हाक मारून हेडफोन त्यांच्या कानाला लावला. त्यांनी डोळे मिटून ऐकलं.

"बुळकांडी म्हणायलाय त्यो. शेळ्याचा रोग हाय. एक शेळी धरली की कळप जातो." आणि मग लहानपणी त्यांच्या गावात तो रोग आला तेव्हाचं ते सांगायला लागले. त्यांच्या आईनं उरलेल्या दोन शेळ्या आठवडाभर माडीवर बांधून कशा वाचवल्या, ते सगळं. मी व्हिडिओ थांबवून ऐकत बसले. वेळ नव्हता, तरी ऐकलं.

सोमवारी अकराला दहा कमी असताना मी फाईल पाठवली.

बुधवारी उत्तर आलं. अकरा चुका काढल्या होत्या. तीन ठिकाणी मजकूर पडद्यावर फार कमी वेळ राहिला होता, दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ, एका ठिकाणी मी पावसाचा आवाज लिहायचा विसरले होते. खाली एक ओळ होती: दुरुस्त करून पाठवा, आणि सोबत जोडलेलं पुढचं काम सुरू करा. जोडलेला व्हिडिओ बोअरच्या मोटारीच्या दुरुस्तीचा होता. मी मामांना वाचून दाखवलं.

"मोटारीचा?" त्यांनी पेपर बाजूला ठेवला. "लाव बघू."