म्हणणारा कोण

आमच्या दैनिकात एक नियम होता. परदेशी बातमीत कोणाला ‘दहशतवादी’ म्हणायचे झाले, तर तसे कोणी म्हटले हे त्याच वाक्यात द्यायचे. ‘अमेरिकेने दहशतवादी ठरवलेल्या गटाने’, असे. नियम संपादकांनी घातला होता आणि त्यांना त्याचा अभिमान होता. जिल्ह्याच्या बातम्यांना मात्र तो लागू नव्हता. तिथे पोलिसांच्या प्रेसनोटमधला शब्द जसाच्या तसा छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याकडे जाई. परदेश एका पानावर आणि जिल्हा दुसऱ्या पानावर, त्यामुळे हा फरक कोणाला खटकत नसे.

वाळूजला नवे कारखाने उभे राहत होते आणि विद्यापीठाच्या नामांतराचे आंदोलन थांबायला तयार नव्हते, तेव्हाची ही गोष्ट. अमेरिकेच्या अध्यक्षांनी अंतराळात क्षेपणास्त्रविरोधी कवच उभारायची घोषणा केली होती. दैनिकाने त्यावर रविवारी सकाळी जाहीर परिसंवाद ठेवला. एका निवृत्त लष्करी अधिकाऱ्याने कवचाची बाजू मांडली. ढाल बाळगणाऱ्याला कोणी दोष देऊ नये, असे ते म्हणाले.

“ढाल मिळाली की हात लई शिवशिवतो, साहेब,” मागच्या रांगेतून कोणीतरी बोलले. सभागृह हसले.

समारोपाला संपादक उठले. आपले परराष्ट्र धोरण कोणाच्या छत्रीखाली उभे राहण्याचे नाही, असे सांगून ते दहशतवादाकडे वळले. “दहशतवादी कोण, हे ठरवण्याचा मक्ता बलवानाकडे नाही. हा शब्द कानावर आला की आधी विचारा, म्हणणारा कोण?” टाळ्या पडल्या. सोमवारच्या अंकात हे वाक्य पहिल्या पानावर चौकटीत होते.

त्याच दुपारी कन्नडच्या पोलीस ठाण्यातून प्रेसनोट आली. नामांतरासाठी रस्त्यात बसलेल्यांपैकी तिघांना अटक झाली होती. एका एसटीची काच फुटली होती. नोटेत ‘तीन दहशतवादी’ असा उल्लेख होता, पुढे नावे होती. त्यातले एक नाव परदेशी बातम्यांचे पान पाहणाऱ्या उपसंपादकाच्या धाकट्या भावाचे होते. हा भाऊ वाळूजच्या एका कारखान्यात उमेदवारीवर होता आणि त्याला कायम करायचे की नाही, हे त्याच महिन्यात ठरायचे होते.

जिल्ह्याचा बातमीदार म्हणून ही बातमी मी लिहीत होतो. नोट आधी उपसंपादकाला दाखवली. त्याने ती वाचून वृत्तसंपादकांच्या टेबलावर ठेवली.

“नाव छापा. काच फुटली, तेही छापा. पण हा शब्द माझ्या पानावर म्हणणाऱ्याशिवाय येत नाय. मग जिल्ह्याच्या पानावर का मोकळा फिरतो?”

“अहो, ती अमेरिका आहे,” वृत्तसंपादक म्हणाले. “हे आपलं ठाणं आहे. उद्या बातमी तिथूनच आणायची आहे.”

“म्हणजे अमेरिकेला भ्यायचं नाय, फौजदाराला भ्यायचं.”

आवाज ऐकून संपादक बाहेर आले. प्रेसनोट पाहून त्यांनी विचारले, “भाऊ आहे म्हणून बोलता?”

“व्हय. भाऊ आहे म्हणून आज दिसलं. पण नियम भावाचा नाय, साहेब, तुमचा आहे.” त्याने सकाळचा अंक उलगडून चौकट वर केली.

संपादकांनी अंक हातात घेतला. ‘पोलिसांनी दहशतवादी म्हटलेल्या तिघांना’ असे पहिले वाक्य लिहून मी कागद त्यांच्यापुढे ठेवला आणि दुसरा मसुदा देणार नाही, असे सांगितले. त्यांनी तो वाचला, कोपऱ्यात सही केली आणि जुळाऱ्याकडे पाठवला.

मंगळवारी ठाण्यातून फोन आला. संपादकांनी तो स्वतः घेतला. “तुम्हीच म्हटलंय ना? मग तुम्ही म्हटलं असं छापलं, तर बिघडलं काय?” पलीकडचे उत्तर आम्हाला ऐकू आले नाही. त्यांनी रिसीव्हर ठेवला आणि चहा मागवला.

बाकीच्या दैनिकांनी तो शब्द तसाच छापला होता. जामिनावर सुटून भाऊ कामावर गेला, तेव्हा कारखान्याच्या अधिकाऱ्याने त्यातलेच एक कात्रण पुढे सरकवले. भावाने आमचा अंक शेजारी ठेवला. पुढचे त्यानेच कचेरीत येऊन सांगितले.

“शब्द तर दोन्हीकडे तोच आहे,” अधिकारी म्हणाला.

“तोच आहे. हितं तो पोलिसांनी म्हटलाय. आता तुम्ही म्हणताय का? म्हणत असाल तर लिहून द्या आणि खाली सही करा. मी जातो.”

अधिकाऱ्याने पेनाचे टोपण काढले, परत लावले. कोर्टाचा निकाल लागू दे, मग बघू, असे तो म्हणाला. कायम केल्याचे पत्र त्या महिन्यात आले नाही. काढल्याचेही आले नाही.

“तो असं म्हणाल्यावर तू काय केलंस?” उपसंपादकाने विचारले.

“काय करणार? पाळी सुरू झाली होती. मशीनवर जाऊन उभा राहिलो. कोणी हटवलं नाय.”

उपसंपादकाने मान हलवली आणि टेलिप्रिंटरची नवी पट्टी फाडून घेतली. भाऊ बाकावर बसून आमचा चहा प्यायला. दुसऱ्या दिवशीही तो पाळीवर गेला.