सीट पुढे सरकली तेव्हा

ती गाडी आजही डोळ्यांपुढे उभी राहते. पांढरी, लांबट, परदेशी बनावटीची सेडान. आमच्या पोलीस ठाण्याच्या आवारात कडुलिंबाखाली जप्त वाहनांची रांग असे. गंजलेल्या मोटारसायकली, वाळूचा एक ट्रक, चाके नसलेली एक रिक्षा. त्या रांगेत ही गाडी म्हणजे लग्नाला निघालेला माणूस चुकून भाजीबाजारात शिरावा तशी दिसायची. बोनेटवर पूजेचे कुंकवाचे स्वस्तिक अजून पुसलेले नव्हते आणि मागच्या सीटवरचे कंपनीचे प्लास्टिकही तसेच होते.

मी तेव्हा नगरच्या एमआयडीसी भागातल्या ठाण्याचा प्रभारी अधिकारी होतो. यातल्या कोणाचेही नाव मी लिहिणार नाही. काही माणसे अजून आहेत, काही गेली आहेत.

घटना साधी होती. सकाळी नागापूरच्या पुढे, डेअरीत दूध घालून घरी परतणाऱ्या एका मोपेडस्वाराला या गाडीने मागून धडक दिली. ते गृहस्थ दुसऱ्या दिवशी रुग्णालयात वारले. गाडी सावेडीत राहणाऱ्या एका कारखानदाराची होती. मालक स्वतः त्या दिवशी मुंबईत होते. गाडीत दोघेच होते, त्यांचा ड्रायव्हर आणि त्यांचे वयोवृद्ध वडील. वडिलांना सगळे आबा म्हणत. दोघे गावाकडच्या शेतावर निघाले होते. आमचे पथक पोहोचले तेव्हा ड्रायव्हर रस्त्याच्या कडेला उभा होता आणि आबा मागच्या सीटवर, प्लास्टिकवर, डोळे मिटून बसले होते. ड्रायव्हरने न विचारता सांगितले, "गाडी मी चालवत होतो."

उपनिरीक्षकाने पंचनामा केला. त्यात एक ओळ होती, ‘चालकाची सीट पूर्णपणे मागे सरकलेली.’ ड्रायव्हर चांगला उंच होता, जवळजवळ सहा फूट. सगळे जुळत होते. गाडी क्रेनने उचलून ठाण्यात आणली, चावी सीलबंद केली, हयगयीने वाहन चालवून मृत्यूस कारणीभूत झाल्याचा गुन्हा दाखल केला. ड्रायव्हरला अटक झाली आणि जामीनही झाला. अशा प्रकरणात तपास म्हणजे बहुधा कागदांची जुळवाजुळव असते. मोटार वाहन निरीक्षकाची तपासणी झाली की दोषारोपपत्र पाठवायचे, एवढेच बाकी होते.

मृताची पत्नी ठाण्यात आली, ती दिरासोबत. दीर कागदांबद्दल विचारत होता. विमा, नुकसानभरपाई, शवविच्छेदनाचा अहवाल. निघताना बाई दारातून परत फिरल्या.

"सायब, एक इचारू?"

"विचारा ना, ताई."

"गाडी नक्की कुनाच्या हातात हुती?"

"ड्रायव्हरच्या. त्याने कबूल केलं आहे."

"तो आल्ता आमच्या घरी. पायरीवर बसून रडला. पन एक सबुद बोलला न्हाई." त्या परत आत आल्या. "मी रोज त्याला शिव्याशाप देती, सायब. झोपताना बी देती. पन त्याचं रडनं बगितल्यापासून जीभ अडकती. चुकीच्या मानसाला लागाय नको. मला बाकी काय नको, तेवढं खरं सांगा."

दीर म्हणाला, "वहिनी, चला आता, सायबांना कामं हायेत."

"मला बी हायेत," त्या म्हणाल्या, आणि गेल्या.

त्याच आठवड्यात ठाण्याच्या फोनवर एक निनावी निरोप आला. ठाणे अंमलदार हवालदार होते, निवृत्तीला टेकलेले, जिभेने तिखट. ते माझ्या खोलीत आले.

"साहेब, फोन होता. ‘ड्रायव्हरला सोडा, त्याच्या हातात गाडी नव्हती,’ एवढंच. आणि ठेवला."

"आवाज कसा होता?"

"म्हातारा. फोन तोंडाशी धरायचा की कानाशी, यातच निम्मा वेळ गेला त्याचा."

"कुठून होता?"

"नंबर लावून बघितला, साहेब. सावेडीतला पीसीओ. मालक म्हणतो, गिऱ्हाईक कोण ते मला काय ठाऊक, कॉइन टाकला आणि बोलून गेला."

मी ड्रायव्हरला पुन्हा बोलावले. चौकशीच्या खोलीत नेले नाही, माझ्याच टेबलासमोर बसवले आणि चहा मागवला. चाळिशीचा माणूस, हात गुडघ्यांवर ठेवून बसलेला.

"किती वर्षं आहेस त्यांच्याकडे?"

"लई वर्षं झाली, साहेब. आदी टेम्पो चालवायचो कारखान्याचा."

"धडकेच्या आधी ब्रेक मारलास?"

"मारला."

"हॉर्न?"

"वाजवला."

"मोपेड कुठल्या बाजूला होती?"

"डावीकडं."

"तुझं लक्ष कुठे होतं?"

"चुकलं माझं, साहेब."

इतक्या वर्षांच्या नोकरीत एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. स्वतःला वाचवायला खोटे बोलणारा माणूस फार बोलतो. ऊन डोळ्यांवर होते, समोरून ट्रक आला, मोपेडवालाच आडवा आला, असे काहीतरी तो सांगणारच. हा माणूस मात्र एकही सबब सांगत नव्हता. दुसऱ्यासाठी खोटे बोलणारे असे थोडक्यात बोलतात. पण एवढ्यावर तपास फिरत नाही. पंचनाम्यातली सीट त्याच्याच उंचीची साक्ष देत होती.

मग मी आबांचा जबाब घ्यायला सावेडीत गेलो. मालक दारातच भेटले. "वडिलांची तब्येत बरी नाही, डॉक्टरांनी बोलू नका म्हटलंय," ते म्हणाले आणि प्रमाणपत्र दाखवले. आत सोफ्यावर आबा बसलेले मला दिसत होते. ठेंगणे, धोतर-सदऱ्यातले, पाठ ताठ. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि मुलाने दार लोटून घेतले.

त्या रविवारी माझी साप्ताहिक सुट्टी होती. आमचे जावई पुण्यात असतात, ते नवी गाडी घेण्याच्या विचारात होते. योगायोगाने त्यांच्या यादीत हीच गाडी होती. माझी पत्नी शाळेत शिक्षिका होती. कोणतीही वस्तू घेण्यापूर्वी तिची परीक्षा घेतली पाहिजे, असा तिचा दंडक. जावयांनी तिला मुद्दाम बोलावले होते. मीही गेलो.

शोरूममधला विक्रेता तरुण आणि उत्साही होता. तीन व्हेरियंट ओळीने उभे होते. बाहेरून तिन्ही सारखेच, फक्त चाकांची नक्षी वेगळी. त्याने इंजिन, गिअर, सस्पेन्शन सगळे सांगितले. मग आम्ही चाचणीसाठी गाडी बाहेर काढली. खड्डा आला तो फक्त आवाजाने कळला. जावयांनी थोडा वेग दिला तेव्हा गाडी गुरगुरली नाही, सरळ पुढे झेपावली. पण मागच्या सीटवर मुद्दाम मध्ये बसलेल्या माझ्या पत्नीचे गुडघे हनुवटीशी आले होते, कारण पायांखाली मोठा उंचवटा होता.

"इथे बसणाऱ्याने पाय कुठे ठेवायचे?" तिने विचारले.

विक्रेता म्हणाला, "मॅडम, ही गाडी चौघांसाठीच आहे खरं तर."

"मग तिसरा पट्टा कशाला दिलाय? पाहुण्यांना लाज वाटावी म्हणून?"

जावई हसले. मग त्यांनी व्हेरियंटमधला फरक विचारला. विक्रेत्याने बोटांवर मोजत सांगितले. पहिल्यात सीट बटणाने पुढेमागे होते, पण ती काही लक्षात ठेवत नाही. दुसऱ्यात बटणावर दोन माणसांची बैठक साठवता येते. सर्वांत वरच्यात शिवाय छताची काच उघडते, सीटमधून गार हवा येते, आणि...

"मॅडम, तुम्ही जरा पुढे बसा. दाखवतो."

माझी पत्नी ठेंगणी. ती चालकाच्या जागेवर बसली, सीट अगदी पुढे आणि वर घेतली. मग त्याने तिला गाडी बंद करून दार उघडायला सांगितले. तिने दार उघडताच सीट हळूहळू, आवाज न करता, पार मागे गेली.

"अगं बाई! ही तर मला हाकलतेय!"

"हाकलत नाही, मॅडम. उतरायला जागा देते. परत सुरू करा, जिथे होती तिथेच येईल."

तिने बटण दाबले. सीट तिला घेऊन पुढे आली आणि तिच्या मापावर थांबली. ती खुश झाली. मी मात्र पंचनाम्यातली ती ओळ मनात पुन्हा वाचत होतो.

परतताना तिने विचारले, "काय झालं? गाडी आवडली नाही?"

"आवडली. पण एक गोष्ट बघायची राहिली होती."

"मग उद्या बघ," ती म्हणाली आणि खिडकीला डोके टेकून झोपली.

दुसऱ्या दिवशी नोंदणी पुस्तक काढले. त्यात व्हेरियंटची इंग्रजी अक्षरे होती. आम्ही कोणीच ती वाचण्याची तसदी घेतली नव्हती. शोरूमला फोन करून खात्री केली. सर्वांत वरचा व्हेरियंट. गाडी घटनास्थळापासून क्रेनने आणली होती, म्हणजे त्यानंतर कोणीच ती सुरू केली नव्हती. मोटार वाहन निरीक्षक, कंपनीचा एक अभियंता आणि दोन पंच बोलावले. ड्रायव्हरलाही बोलावले. चावीचे सील सर्वांसमोर फोडले.

मी ड्रायव्हरला म्हणालो, "बस, आणि सुरू कर."

तो बसला. सीट मागे होती, पाय ऐसपैस पसरले. त्याने दार लावून बटण दाबले. सीट पुढे सरकू लागली, वर चढू लागली, पाठ ताठ होऊ लागली. त्याचे गुडघे स्टिअरिंगखाली अडकले, डोके छताला लागले. तो तसाच, अर्धवट वाकून, स्टिअरिंगला छाती टेकून बसला. हवालदार हळूच म्हणाले, "ट्रॅक्टरवर बसल्यासारखी बैठक हाय ही."

सीट म्हणजे पुरावा नव्हे, हे मला माहीत होते. बचाव पक्षाच्या वकिलाने ती दोन प्रश्नांत उडवली असती. पण ड्रायव्हरला मी काही विचारायच्या आतच तो उतरला आणि म्हणाला,

"साहेब, आबांना काय करू नका. लायसन कवाच संपलंय त्यांचं. नवी गाडी म्हनून म्हनले, ‘गावाच्या शिवेपर्यंत मला दे.’ त्यांना न्हाई म्हनायची आमच्यात रीतच न्हाई. मी उतरून बाजूला बसलो. मोपेडला लागलं तवा त्यांनी गाडी कडंला घेतली आन् नुसतेच बगत बसले. मीच म्हनलं, आबा, तुमी मागं बसा."

"मालकांनी सांगितलं होतं का असं म्हणायला?"

"न्हाई. मालकांना मागनं कळलं. त्यांनी फक्त म्हनलं, ‘आता बोललायस तर बदलू नको.’"

संध्याकाळी आबा स्वतः ठाण्यात आले. मुलगा मागे मागे, हात धरायला बघत होता. आबांनी हात झटकला.

"बाजूला हो रं. मला चालता येतं." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "फोन मीच केल्ता, सायब. पोराच्या धाकानं नाव सांगितलं न्हाई. पोलिसाला घाबरत न्हाई मी, पन पोटच्याला घाबरलो. लिवून घ्या. ट्रॅक्टर चालवला जलमभर, ही गाडी आपसूक पळती. पाय ठेवला का न्हाई तेच कळंना."

मी जबाब लिहून घेतला. ड्रायव्हरवर खोटी माहिती दिल्याची कारवाई झाली, मालकावरही झाली. पुढे न्यायालयात आबांनी गुन्हा कबूल केला.

त्या बाईंना मात्र मी त्याच आठवड्यात बोलावून घेतले. तेव्हा आबा जामिनाच्या कागदांवर सही करायला आलेले होते आणि बाकावर बसले होते. मी बाईंना सांगितले, "गाडी यांच्या हातात होती." आबा उठून उभे राहिले. हात जोडले.

बाईंनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिले. मला वाटले, आता काहीतरी भयंकर बोलतील. बोलायचा त्यांना हक्क होता. पण त्या माझ्याकडे वळल्या.

"बरं झालं, सायब. त्या ड्रायव्हरला सांगा, त्याला दिलेलं मी मागं घेतलं." आणि आबांकडे पुन्हा न पाहता निघून गेल्या. आबांना त्यांनी काय दिले, की काहीच दिले नाही, हे मला कधीच कळले नाही.

या प्रकरणाने मला पंचनामा लिहायला नव्याने शिकवले. वस्तू थांबल्यावर जशी दिसते, तशीच ती चालताना होती असे धरून चालू नये, हे मी पुढे प्रत्येक नव्या उपनिरीक्षकाला सांगत असे. ते उपयोगी होते, म्हणून सांगत असे.

पण त्या बाई नेमके काय मागत होत्या, ते मला अलीकडेच कळले. माझी पत्नी गेल्या वर्षी गेली. दवाखान्यात, माझ्या समोर नाही. त्यानंतर मी तिथल्या परिचारिकांना, डॉक्टरांना, शेजारच्या खाटेवरच्या आजींना पुन्हा पुन्हा विचारत राहिलो की शेवटी तिच्या जवळ कोण होते. मुलगी म्हणाली, "बाबा, आता कशाला ते?" मला कोणावर तक्रार करायची नव्हती. दोष लावायचा नव्हता. एवढेच हवे होते की दुःख कोणाच्या तरी दिशेने नीट वळावे, भलतीकडे जाऊ नये. शेवटी त्या शेजारच्या आजींनी सांगितले, "मी हुते की. हात माझ्या हातात हुता तिचा." त्या रात्री मला झोप लागली.