तांब्याचं वायसर

वहिनी माझ्या वर्गात येऊन बसल्या त्या दिवसापासून माझं डोकं फिरलं होतं. डिझेल इंजिन दुरुस्तीचा तीन महिन्यांचा वर्ग, पंधरा पोरं, आणि त्यांच्यात चाळिशीची ही बाई. तीही माझ्याच थोरल्या भावाची बायको!

दादा गेला आणि त्याचं गॅरेज बंद पडलं. ते मलाच मिळणार, असं मी धरून चाललो होतो. पण बाबांनी मध्येच पाचर मारली. "ती परीक्षा पास झाली तर गॅरेज तिचं. नापास झाली तर किल्ली तुझी." आणि परीक्षा घेणार कोण? मीच!

मी त्यांना छळलं, खोटं कशाला बोलू? तेलाचे ट्रे धुवा, फिल्टरचा गाळ काढा, सगळी घाणेरडी कामं त्यांच्या वाट्याला. "इथे स्वयंपाक शिकवत नाहीत," असंही सगळ्यांसमोर बोललो. पोरं खिदळली. रोज सगळे गेल्यावर ही बाई आपली एकेक वायसर पुसून, मोजून, जागच्या जागी बसवून मगच निघायची. अशा माणसांची मला चीड येते.

परीक्षेच्या सकाळी मी सगळ्यांच्या आधी शेडमध्ये गेलो. खालच्या टाकीतून डिझेल ओढणाऱ्या पाइपचा एक जोड खोलला, त्यातल्या दोनपैकी एक तांब्याचं वायसर खिशात टाकलं आणि बोल्ट परत आवळला. अशा जोडातून डिझेल गळत नाही, उलट हवा आत शिरते. आणि पाइपात हवा असली की डिझेल इंजिन जन्मात सुरू होत नाही.

वेळ अर्धा तास. वहिनींनी स्टार्टर मारला. नुसती घरघर. मग स्क्रू सैल करून त्या पंपाने हवा काढायला लागल्या. डिझेलला फेस येतोय, येतोय, संपायचं नाव नाही. वीस मिनिटं गेली. मी घड्याळ बघत मनात मांडे खात होतो.

तेवढ्यात त्यांनी ग्रीसच्या डब्यात बोट घातलं. एका जोडावर ग्रीस थापायचं, पंप मारायचा, फेस बघायचा. मग पुढचा जोड. तिसऱ्या जोडाला ग्रीसने हवेची वाट बुजली आणि फेस थांबला. दादाची युक्ती! मला कधी दाखवली नाही त्याने, बायकोला दाखवली.

त्यांनी बोल्ट खोलून आत पाहिलं.

"काल संध्याकाळी मी इथे दोन वायसर बसवली होती," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून काळा तळहात पुढे केला. "भावजी, द्या इकडे."

वर्गात 'सर' म्हणायचं, अशी सक्ती केली होती मी. पंधरा पोरं टकामका बघत होती. खिशातून वायसर काढून मी त्यांच्या हातावर ठेवलं.

इंजिन सुरू झालं. मी सही केली, करतो काय!

संध्याकाळी बाबांनी विचारलं, "काय झालं गं परीक्षेचं?" आता ही सगळं ओकणार म्हणून मी दात-ओठ खात उभा होतो. शब्दाला शब्द तयार ठेवला होता.

"पास झाले," वहिनी म्हणाल्या. "भावजींनी चांगलं शिकवलं."

किल्ली उचलून त्या आत गेल्या. त्या दिवसापासून मला त्यांचं तोंड बघवत नाही. सांगून टाकलं असतं तर निदान भांडता तरी आलं असतं.