चाचींनी शिकवलेला मर्फा

कंधारच्या मुलींच्या शाळेत मी पाच वर्षं संगीत शिकवलं. मी मूळची लातूरची, वाण्याच्या घरातली. बदलीचा कागद हातात पडला तेव्हा पेटी, दोन पिशव्या आणि विशारदचं प्रमाणपत्र घेऊन मी एसटीत बसले. प्रमाणपत्राचा मला फार अभिमान होता.

खोली मिळाली ती एका चाऊस कुटुंबाच्या माडीवर. निजामाच्या फौजेत जे अरब शिपाई होते, त्यांचे हे वंशज. घरमालकांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. गल्ली त्यांना चाचा आणि त्यांच्या बायकोला चाची म्हणायची, मीही म्हणू लागले. चाचा म्हणायचे, "पणजोबा येमेनहून आले. मी मात्र हैदराबादच्या पुढं गेलो न्हाई."

तिसऱ्या वर्षी शिक्षकांच्या ग्रुपवर परिपत्रक आलं. नांदेडला स्पर्धा होती आणि प्रत्येक शाळेनं परदेशातलं एक पारंपरिक संगीत सादर करायचं होतं. बाकीच्या शाळांनी मोबाइलवर गाणी शोधायला सुरुवात केली. मी जिन्यात चाचांना सहज सांगितलं, तर ते हसले. "परदेशाचं वाद्य पाहिजे? माळ्यावर हाय की."

त्यांनी जुन्या चादरीत गुंडाळलेला एक छोटा नगारा खाली काढला. त्यालाच मर्फा म्हणतात, आणि नगारा, ढोल, स्टीलची घागर असं सगळं मिळून जे वाजतं तेही मर्फाच. त्यांच्याकडं लग्नात वाजतो. चाचांनी काडीनं वाजवून दाखवला. मी वहीत मात्रा मांडल्या, खंड पाडले, आणि दुसऱ्या दिवशी वहीत बघून त्यांना वाजवून दाखवलं.

चाचांनी शांतपणे ऐकून घेतलं. "बरोबर असंल. पण हे आमचं न्हाई."

मी पुन्हा वाजवलं. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला. चाची रिकामी घागर मांडीवर आडवी धरून बोटांनी वाजवत होत्या. हातातल्या अंगठ्या स्टीलवर आपटत होत्या. तीच चाल, पण माझे खांदे आपोआप हलायला लागले.

चाचा म्हणाले, "मला वाजवता येतं. शिकवता तिलाच येतं. तिच्याकडं जा."

चाचींनी आधी माझी वही घेतली आणि डाळीच्या डब्याखाली ठेवून दिली. "तू मोजून राहिली, बेटा. चालून दाखव."

"चालून?"

"हाव. अंगणात."

त्या घागर वाजवायच्या आणि मी कोंबड्यांमधून गोल फिरायचे. पाऊल उशिरा पडलं की त्या थांबायच्या. चार दिवस हेच चाललं. शेजारच्या बायका गच्चीवरून बघायच्या आणि मला विशारदची लाज वाटायची. चौथ्या दिवशी मी ओट्यावर बसूनच घेतलं. "चाची, हे मला जमत न्हाई."

"जमंल. तुझे पाय शहाणे हायत. डोकं मधी येऊन राहिलंय," त्या म्हणाल्या, आणि मला चहा दिला. आठव्या दिवशी मी काडी हातात धरली.

आता शाळेतल्या बारा मुलींना शिकवायचं होतं. चाची चौथीनंतर शाळेची पायरी चढल्या नव्हत्या आणि फक्त बायकांमध्येच वाजवायच्या. मोठ्या बाईंनी शनिवारी शाळा सुटल्यावर हॉल उघडून दिला, पुरुषांना बंदी. चाची बुरखा काढून सतरंजीवर बसल्या, बाह्या वर केल्या आणि मुलींना एकेक करून चालायला लावलं. नावं त्यांच्या लक्षात राहत नव्हती, म्हणून चालीवरून ठेवली. "बदक, तू ढोल घे. तू, हरणी, घागरीवर बस." मुलींना आपापली नावं फार आवडली. बदक तर वहीवरही तेच लिहायला लागली.

नांदेडला जायच्या दिवशी चाची आमच्यासोबत एसटीनं आल्या आणि मुलींच्या आयांच्या रांगेत बसल्या. पडदा उघडला आणि मुली घाबरल्या. घाबरलेला वाजवणारा पळतोच. सात मिनिटांचं वादन चार मिनिटांत संपलं. परीक्षकांनी विचारलं, "हे कुठल्या देशाचं?" बदक म्हणाली, "येमेनचं, सर. पण आम्हाला चाचींनी शिकवलं."

बक्षीस मिळालं नाही. परतीच्या एसटीत मुली रडायला लागल्या. मनातून मलाही ते बक्षीस हवं होतं. चाची मागच्या सीटवरून म्हणाल्या, "एवढ्या घाईनं वाजवलं तर नवरदेव आंघोळीला बसलेला असताना वरात दारात जाईल की."

आधी हरणी हसली, मग सगळ्या. चाचींनी त्यांना समोरच्या सीटच्या पाठीवर हातानं वाजवायला लावलं. कंडक्टर मागं वळून म्हणाला, "मावशी, जरा हळू."

"तेच तर शिकवून राहिले," चाची म्हणाल्या.

वाटेतलं लोहा गाव येईपर्यंत मुली बरोबर चालीत आल्या होत्या. असा मर्फा त्या व्यासपीठावर वाजला असता तर, असं मला वाटलं खरं, पण ऐकायला मी होते, एवढ्यावर माझं भागलं.

पुढं माझी लातूरला बदली झाली. स्पर्धेनंतरही चालू राहिलेला शनिवारचा तो वर्ग आता बंद पडेल असं मी धरून चालले होते. पण मुलींच्या आयाच यायला लागल्या, आणि चाचींनी त्यांनाही चालायला लावलं.

गेल्या दिवाळीत चाचांचे डोळे दाखवायला दोघं लातूरला आले आणि आमच्याकडं उतरले. आईला आधी काळजी, आपलं साधं जेवण त्यांना चालेल का. चाचींनी धपाटी मागून घेतली आणि करायची कशी तेही विचारलं. सोमवारी आईच्या भजनी मंडळातल्या बायका जमल्या. चाची भिंतीला टेकून ऐकत होत्या. आईनं त्यांच्या हातात टाळ दिले.

"एवढे घट्ट नका धरू," आई म्हणाली आणि त्यांचं मनगट सैल करून दिलं. चाचींचा टाळ दोनदा चुकला. त्या खजील होऊन हसल्या. आई त्यांच्या शेजारीच मांडी घालून बसली आणि ते भजन पहिल्यापासून सुरू केलं.

दोन दिवसांसाठी आलेले ते दोघं पाच दिवस राहिले. आता आई आणि चाची फोनवर बोलतात. विषय बहुतेक गुडघ्यांचाच असतो.