दिस बुडायच्या आत

आमच्या चर्चमध्ये नव्या वर्षाच्या उपासनेला प्रत्येकानं टोपलीतून एक चिठ्ठी उचलायची असते. तिच्यावर शास्त्रातलं एक वचन असतं, आणि वर्षभर तेच जगायचं. माझ्या जावेला निघालं, भिऊ नको, मी तुझ्याबरोबर आहे. मला काय निघावं? राग मनात असताना सूर्य मावळू देऊ नका! पाळकांची बायको फिस्सकन हसली. अख्ख्या केजात माझा राग कुणाला ठाऊक नाही?

उन्हाळ्यात एक वेळ जमेल, तेव्हा दिवस मोठा असतो. पण ऐन थंडीत सहाच्या आत राग उरकायचा म्हणजे अन्यायच की!

पुढच्याच महिन्यात सुगीचा सण आला. त्या दिवशी सगळे आपल्या शेतातलं पहिलं पीक चर्चमध्ये नेऊन वाहतात. आम्हाला शेत नाही, म्हणून मी परसात मेथी लावली होती. लई झकास आली होती. सणाच्या आदल्या दुपारी शेजारणीची मेंढरं आत शिरली आणि वाफे साफ करून गेली.

ही शेजारीण खंडोबाची भक्त, आणि माझ्या दुपारच्या चहाची जोडीदारीण. दरवर्षी ती नवऱ्याबरोबर मेंढरं घेऊन चराईला जाते ती पावसाळ्यालाच परतते. यंदा ती दुसऱ्या दिवशी सकाळी निघणार होती. मी तिला नाही नाही ते बोलले. वर म्हटलं, "पुन्हा माझ्या दारात पाय ठेवू नकोस!" एरवी एकाला दोन सुनावणारी बाई, पण गप उभी राहिली. त्यानं तर मी आणखीच भडकले.

चारच्या सुमाराला सासूबाई म्हणाल्या, "दिस कलला बरं का."

"मी तिला मनातल्या मनात माफ केलंय."

"मग भांडी का म्हून आपटायलीस?"

शेवटी गेले तिच्याकडं पाय आपटत. बघते तर दाराला कुलूप! समोरची म्हातारी म्हणाली, "ते तर गेले की दुपारीच. नांदूरघाटच्या रस्त्यानं."

ही बाई बोललेला शब्द धरून बसणारी. अशीच निघून गेली तर परत आल्यावर खरंच माझ्या दारात येणार नाही, कधीच. मग कुठली मेथी आणि कुठलं काय! स्कूटी काढली आणि सुटले.

बऱ्याच अंतरावर एका रिकाम्या रानात मेंढरं दिसली. शेजारीण सामानाला टेकून घोंगडीत बसली होती.

"का म्हून आलीस? इथं बी भांडायला?"

"न्हाई गं बाई. राग सोडायला आले. दिस बुडायच्या आत सोडायचा, असं आमच्या शास्त्रात हाय."

तिनं मान वळवून मावळतीकडं बघितलं. "मग आजून हातभर दिस हाय की. राहिलेलं बोलून घे."

मला हसू आलं आणि रडूही आलं. आता परवानगीच मिळाली म्हणून विचारलं, "मेंढरं सोडून कुठं गेलतीस गं?"

"कुठं जातीय? परवापासून अंगात ताप हाय. पडले आन् डोळा लागला."

तिच्या कपाळाला हात लावला तर चटका बसला. तिचा नवरा म्हणाला, "मी म्हणलं थांबू, दवाखान्यात जाऊ. ऐकंना. म्हणली, आता या गल्लीत नको."

"अगं, मग तेव्हाच ताप हाय म्हणून सांगायचं न्हाई का?"

"तू बोलू देतीस का?"

तिला मागं बसवलं आणि केजच्या दवाखान्याकडं गाडी वळवली. वाटभर मी तोंड उघडलं नाही. ती बोलत होती.