वरवट बकालच्या किनाऱ्यावरून

अरबी समुद्राबद्दल खुद्द अरबी समुद्राला जेवढं ठाऊक नसेल, तेवढं आमच्या साडभाऊंना ठाऊक आहे. भरती कधी, ओहोटी कधी, कितव्या लाटेमागे मासा दबा धरून बसतो, हे ते संग्रामपूर तालुक्यात ओट्यावर बसून, डोळे मिटून सांगतात. फक्त त्यांनी समुद्र पाहिलेला नव्हता. पण एवढ्या बारीक गोष्टीवर बोट ठेवणारा माणूस त्यांच्या लेखी कोत्या मनाचा. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मुक्काम वरवट बकाल, समुद्रापासून शेकडो मैल आत, धंदा कपाशीचा, आणि दोन वर्षं व्यासंग एकच: किनाऱ्यावर उभं राहून लाटांच्या पलीकडे गळ फेकता येईल असा रॉड आणि त्याला शोभेल असं रील निवडणं. लोक या काळात दोन पोरींची लग्नं उरकतात. साडभाऊंचा रॉड काही ठरेना.

आता कपाशीच्या माणसाला समुद्राचं हे वेड लागलं कुठून? त्यांची एकुलती एक लेक वैशू लग्न होऊन गुहागरला गेली. जावई तिथल्या बँकेत. आणि आमच्याकडे रीत अशी, की लेकीला मूलबाळ होईपर्यंत बापानं तिच्या घरी अन्नाचा कण घ्यायचा नाही. बाकीचे लोक हल्ली ही रीत सोयीनं विसरतात. साडभाऊंच्या घराण्यात सोयीनं विसरण्याची रीत नाही. मग लेकीला भेटायचं कसं? त्यावर त्यांनी जो तोडगा काढला तो त्यांच्याच शब्दांत ऐका.

"पाव्हणे, लेकीच्या घरचं मले खाता येत नाई. बराबर? पन समुद्र का जावयाच्या नावावर हाये? मी माहा मासा पकडीन, मी माहा भाजीन, मी माहा खाईन."

"मग सरळ खानावळीत जेवा ना," मी म्हणालो.

"लेक गावात असून बाप खानावळीत जेवला, तं लोकं का म्हनतीन? लेकीनं उपाशी ठेवला! आन गळ टाकून बसला तं म्हनतीन, शौकीन मानूस हाये."

आतून मेव्हणीबाई कडाडल्या, "आन मीठ? मीठ तं लेकीचंच घेसान ना?"

"समुद्रात मीठच मीठ हाये!"

मिठाचाही प्रश्न मिटला. तेव्हा आता प्रश्न उरला तो फक्त रॉडचा. आणि रॉडच्या बाबतीत साडभाऊ कुणाचं ऐकून घेणारे नव्हेत. ज्या माणसानं आयुष्यभर बैल पारखून घेतले, तो बारा फुटाची काठी काय उगाच घेईल? कुरिअरनं आलेला प्रत्येक रॉड ते आधी अंगणात उभा करत, मागे सरकून डोळे बारीक करून पाहत, पाठीवरून हात फिरवावा तसा हात फिरवत, मग टोक धरून वाकवत आणि म्हणत, "खांद्यात दम नाई." परत. दुसरा आला, तो "अंगानं बरा हाये, पन चाल जड हाये." परत. मुंबईच्या एका दुकानदाराशी तर त्यांचं फोनवर घरोब्याचं नातं झालं होतं. तो बिचारा एकदा विचारून बसला, "काका, पण तुम्ही नेमक्या कुठल्या किनाऱ्यावरून टाकणार आहात?"

"सध्या तं वरवट बकालवरून."

पलीकडे कागदांची चाळवाचाळव. मग दबकत आवाज आला, "हा बीच रायगडात आला की सिंधुदुर्गात?"

रीलची कथा निराळी. खाऱ्या पाण्यानं रील गंजतं असं साडभाऊंनी कुठंसं वाचलं. आता पेरणीआधी आम्ही सोयाबीनचे दाणे ओल्या बारदान्यात गुंडाळून ठेवतो आणि किती उगवतात ते मोजतो. साडभाऊंनी तोच प्रयोग रीलवर केला. मेव्हणीबाईंनी लोणच्यासाठी आणलेलं सगळं खडेमीठ बादलीत, बारदाना त्या पाण्यात, आणि बारदान्यात रील. आठ दिवस रोज सकाळी पाणी शिंपडणं चालू. नवव्या दिवशी उघडलं, मूठ फिरवली, तर आतून दळण दळल्यासारखा आवाज. साडभाऊंनी दुकानदाराला फोन लावला आणि फार सौम्यपणे सांगितलं, "भाऊ, तुमचं बियानं बोगस हाये."

शेवटी एक जोडी सरावापुरती टिकली. कपाशी निघालेल्या रानात साडभाऊ अंगठ्याएवढं शिसं बांधून गळ फेकत, मग पावलं टाकून अंतर मोजत. एके दिवशी दोर सणसणत धुऱ्यापार, बांधाच्या पलीकडे गेला आणि ताणला. साडभाऊंच्या अंगात आलं. पाय रोवले, रॉड मागे खेचला, रील गरगर फिरवलं, आणि दोन सऱ्या पलीकडून ढेकळांवरून उड्या मारत शेजारच्या रानातल्या रफीकभाईंचा बाभळीवर वाळत घातलेला, खांद्यावर टाकायचा दुपट्टा हजर झाला. दुपट्ट्यामागोमाग रफीकभाई.

"क्या पाटील, बुलाना था तो फोन करते! कपडे काऊन खींच रहे?"

"वजन पाहून राह्यलो होतो, रफीकभाई."

"कल लुंगी मत देखना, बस."

मी या सगळ्यावर पोट धरून हसत असे, आणि चार ठिकाणी मीठमसाला लावून सांगतही असे. माझं हसणं थांबलं ते वैशूच्या फोननं.

"काका, खरं सांगा, बाबा मले टाळून राह्यले काय? दोन वर्सं झाले. आई म्हनते, रॉड ठरला का येतीन. असा कोनता रॉड असते? का लोकं माह्या मुला-बाळाचं इचारतात, त्याची लाज वाटते त्याइले?"

मी तडक वरवट बकाल गाठलं आणि साडभाऊंना शब्दन् शब्द सांगितला. ते रील पुसत होते. पुसतच राहिले.

"लाज कायची?" मग फडकं बाजूला ठेवून म्हणाले. "सारं गाव तिले इचारते, पेढे कधी, पेढे कधी. मी बी 'मूल झाल्यावर येतो' म्हनलं असतं, तं मी त्याच्यातलाच झालो असतो. म्हनून म्हनलं, सारं रॉडवर ढकलू."

पोरीच्या मनाला ओरखडा नको म्हणून हा माणूस दोन वर्षं अख्ख्या तालुक्याला स्वतःवर हसू देत होता, आणि हसणाऱ्यांत माझा आवाज सगळ्यांत मोठा होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. कोणता रॉड घेतला विचारलं, तर म्हणाले, "हाताशी आला तो." रॉड प्लास्टिकच्या पाइपात घातलेला. एसटीचा कंडक्टर म्हणाला, "आजोबा, स्प्रिंकलर टपावर टाका." साडभाऊंनी तो गुहागरपर्यंत मांडीवरच आणला.

लेकीच्या घरी त्यांनी पिशवी ठेवली, वैशूच्या डोक्यावर हात ठेवला, घरून आणलेल्या बाटलीतलं पाणी प्यायले आणि थेट समुद्र गाठला. पहिल्यांदा पाहिला तो. वाकून बोटभर पाणी जिभेला लावलं. मग म्हणाले, "एवढं पानी, आन वावराले एक थेंब कामाचा नाई."

सकाळपासून दुपारपर्यंत त्यांनी गळ फेकला. फेक अशी, की शेजारचे दोन कोळी कौतुकानं मान हलवत होते. मासा मात्र एकही नाही. भुकेनं त्यांची फेक आखूड पडायला लागली होती, पण "आता येईन" चालूच. तेवढ्यात वैशू आली. हातात फडक्यात बांधलेला डबा. वाळूत फतकल मारून बसली. पिठलं, भाकर, ठेचा.

"बाबा, जेवा."

"मासा लागू दे."

"मग मी बी बसते. कालपासून मी बी जेवली नाई."

"काऊन?"

"बाप येऊन राह्यला, आन मी एकटी जेवू?"

साडभाऊंनी लेकीकडे पाहिलं. मग रॉड वाळूत रोवला, हात धोतराला पुसले आणि तिच्या समोर बसले. तिनं भाकर मोडून पुढे केली. त्यांनी घेतली. घास तोंडात गेला तेव्हा मी उगाच क्षितिजाकडे बघत होतो; त्या वाऱ्यात डोळ्यांत वाळू फार जाते.

आणि त्याच क्षणी रॉडचं टोक लवलं. एकदा, दोनदा, मग पार कमानीसारखं वाकलं. रील कर्रकन ओरडलं. मी उडालो, "अहो साडभाऊ! लागला! उठा, मोठा आहे!"

साडभाऊंनी मान वर करून दोराकडे पाहिलं, ठेच्याला बोट लावलं.

"राहू द्या, पाव्हणे. जेवन चालू हाये."

दोर ताणला, थरथरला आणि एकदम सैल पडला. लाटा येत होत्या, जात होत्या. साडभाऊंनी लेकीपुढे हात केला, आणि इतक्या हळू म्हणाले, की मला जेमतेम ऐकू आलं:

"अर्धी आनखी दे, वैशू."