मी डिस्क बनवणं सोडणार नाही

मंडळी, आज चौकात मित्र पुन्हा हसले. "मोबाइलच्या जमान्यात डिस्क कायले बनवून राहिला बे?"

शेजारच्या सुदामकाकांसाठी. तलावात जाळी ओढून त्यांच्या बोटांना इतके घट्टे पडलेत, की मोबाइलला त्यांचा स्पर्शच कळत नाही. लेकीच्या लग्नाचा व्हिडिओ पाहायला दर वेळी कोणाला तरी विनवावं लागतं.

काल मी त्या व्हिडिओची मोबाइलमधली फाइल डिस्कवर तशीच उतरवली होती. त्यांच्या जुन्या प्लेअरने ती घेतलीच नाही. आज ती डीव्हीडीच्या फॉरमॅटमध्ये बदलून पुन्हा बर्न केली.

टीव्हीवर लेक दिसली. आवाज वाढवायला मी रिमोट मागितला, तर काका म्हणाले, "राहू दे बाबू, मले जमते."

हसा खुशाल. मी बनवतच राहणार. तुमच्या घरी कोणाला व्हिडिओसाठी विनवावं लागतं?